६.५ क्रीडमूर हँडलोड: कमाल चार्जच्या आतच बोल्ट जड होतोय, चूक कुठे असेल?

डॅलसकर

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे, रायफल रीतसर घेतलेली आहे. १००० यार्डांच्या रेंजसाठी स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरतो. एका जागी अडकलोय, म्हणून सगळे तपशील देऊन विचारतो.

रायफल बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची), ६.५ क्रीडमूर काडतुसाची, बॅरल २४ इंच, ट्विस्ट १:८ (आठ इंचांत एक पूर्ण पीळ). बुलेट हॉर्नडी १४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) ईएलडी मॅच, पावडर हॉजडन एच४३५०, केस, म्हणजे पितळी टरफल, लापुआ (छोट्या प्रायमरची; प्रायमर म्हणजे पावडर पेटवणारी बुडातली टोपी), तिसऱ्यांदा भरतोय. प्रायमर सीसीआय ४५०. काडतुसाची एकूण लांबी २.८०० इंच.

बुलेट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून (एका केसमध्ये भरायच्या पावडरचं वजन) ०.३ ग्रेनने चढत गेलो, प्रत्येक पायरीला एक गोळी. मॅन्युअलच्या कमाल आकड्याला अजून ०.४ ग्रेन बाकी असताना बोल्टचा हँडल उचलायला जड गेला. केसच्या बुडावर इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या पिनच्या) भोकाचा चकचकीत गोल ठसा आहे. क्रोनोग्राफवर वेग मॅन्युअलने कमाल चार्जला दिलेल्या वेगापेक्षा ६० फूट/से जास्त दिसला. उन्हाळा आहे, त्या दिवशी ९८ फॅरनहाइट होतं.

प्रश्न असे:
१) कमाल आकड्याच्या आत असूनही दाब वाढला कसा?
२) मॅन्युअल आणि पावडर कंपनीची साइट यांच्या कमाल आकड्यांत दीड ग्रेनचा फरक आहे. खरा कोणता धरायचा?
३) चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीला वेग जवळजवळ सारखाच आला. हा नोड (चार्ज थोडा बदलला तरी वेग स्थिर राहतो ती जागा) समजायचा का? पाचव्या पायरीवर पाच गोळ्या मारल्या तर वेगाची एसडी (प्रमाण विचलन) १८ आली.
४) याच सामानाचा तुमचा चालू चार्ज कोणी ग्रेनमध्ये सांगेल का?

लेथकट्टा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आकडा सांगणार नाही, आणि इथे कोणी सांगितला तरी घेऊ नका. दुसऱ्याचा चार्ज त्याच्या बॅरलचा, त्याच्या पावडरच्या लॉटचा आणि त्याच्या तराजूचा असतो. त्याचा तराजू अर्धा ग्रेन जास्त दाखवत असेल, तर ती चूक आकड्यासोबत तुमच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) येते. आकडा छापील मॅन्युअलमधून किंवा पावडर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. शूटिंग थांबवा. तुम्ही तीन वेगवेगळ्या खुणा सांगितल्यात आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यातली सर्वांत भरवशाची खूण वेगाची आहे. बॅरलची लांबी तेवढी जुळते का ते बघा, कारण दर इंचाला साधारण २० ते २५ फूट/से इकडेतिकडे होतं. लांबी सारखी असेल आणि त्याच पावडरीवर त्याच बुलेटचा वेग छापील कमाल वेगापेक्षा ६० ने जास्त असेल, तर तो वेग फुकट आलेला नाही. तो दाबातून आला आहे. केसमध्ये किती ग्रेन टाकले असं तुम्हाला वाटतं, याला तिथे अर्थ नाही.

६.५ क्रीडमूरची सामीने (दारूगोळ्याची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) ठरवलेली कमाल सरासरी दाबमर्यादा ६२,००० पीएसआय आहे. लोक समजतात की ही मर्यादा ओलांडली की प्रायमर चपटा होईल, बोल्ट जड होईल, म्हणजे आपल्याला कळेल. तसं होत नाही. चांगल्या पितळाच्या केसमध्ये, विशेषतः छोट्या प्रायमरच्या, मर्यादा बरीच ओलांडून गेल्यावरच या खुणा दिसतात. छोट्या प्रायमरच्या खोबणीभोवती पितळ जास्त राहतं, त्यामुळे केस ते सोसते आणि काही दाखवत नाही. म्हणून बोल्ट जड होणं ही सुरुवातीची सूचना मानू नका. ती उशिरा आलेली सूचना असते.

कारणं तपासायची तर या क्रमाने तपासा, कारण सोप्यातून सुरुवात केली की बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तराजू. चेक वेट्सशिवाय (तराजू तपासायच्या अचूक वजनांशिवाय) डिजिटल तराजूवर विश्वास ठेवायचा नाही. आणि ती वजनं तुमच्या चार्जच्या आसपासची हवीत. तराजूसोबत येणारं ५० ग्रॅमचं वजन बरोबर दाखवलं म्हणजे ४० ग्रेनलाही बरोबर दाखवेल असं नसतं. २ ग्रॅम आणि ५०० मिलिग्रॅम अशी दोन वजनं एकत्र ठेवा, ३८.६ ग्रेन दिसायला हवेत (१ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन). तराजू सुरू करून अर्धा तास तसाच ठेवा, एसीचा झोत त्यावर येत नाही ना बघा, आणि दर दहा काडतुसांनंतर रिकामं पॅन ठेवून शून्य येतं का ते पाहा.

केसची आतली क्षमता. मॅन्युअलमधला डेटा बहुधा त्याच कंपनीच्या केसमध्ये घेतलेला असतो. तुमची केस वेगळी आहे, जाड असेल तर आत जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे त्याच चार्जला दाब जास्त. वापरलेली, साईझ न केलेली (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापाला न आणलेली) केस जुन्या प्रायमरसकट कोरडी वजन करा, मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा वजन करा. फरक हीच क्षमता, ग्रेनमध्ये. पाच केसेसची सरासरी घ्या.

बुलेट लँड्सला (नळीतल्या पिळाच्या उंचवट्यांना) टेकते आहे का. २.८०० लांबीला बहुतेक फॅक्टरी चेंबरमध्ये टेकणार नाही, पण मोजल्याशिवाय म्हणता येत नाही. टेकलेली बुलेट सुटायला जास्त जोर लागतो आणि दाबाचं टोक वर जातं.

केसची लांबी. कमाल १.९२० इंच, ट्रिम करायची १.९१० ला. लांब झालेली केस चेंबरच्या तोंडाशी दाबली गेली तर बुलेटला सोडत नाही.

शेवटी काजळीचं कडं. चेंबरच्या नेकसमोर (केसचं अरुंद तोंड बसतं तिथे), थ्रोटच्या (बुलेट नळीत शिरते त्या भागाच्या) सुरुवातीला कार्बनचं टणक कडं जमतं. साध्या सॉल्व्हंटने ते निघत नाही. बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचं साधन) असेल तर दिसेल. नसेल तर कार्बन काढणारं सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि ब्राँझच्या ब्रशने ती जागा घासा. नंतर चेंबर कोरडं पुसायला विसरू नका, कारण तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त भार येतो.

दोन आकड्यांबद्दल: दोन्ही खरे असतात. प्रत्येकाने आपल्या चाचणी बॅरलमध्ये, आपल्या केस आणि प्रायमरवर, त्या लॉटच्या पावडरीवर मोजलेले. तुम्ही कमी असलेला कमाल आकडा आपली सीमा धरा आणि त्याच्या १० टक्के खालून सुरुवात करा. सुरुवातीच्या आकड्याच्या खालीही जाऊ नका. सावकाश जळणाऱ्या पावडरीचा फार कमी चार्ज अर्धवट भरलेल्या केसमध्ये अनियमित पेटतो आणि त्यातूनही रायफली फुटलेल्या आहेत.

पितळी

लेथकट्टा यांच्याशी सहमत. केसबद्दल भर घालतो, कारण जड बोल्टचं एक वेगळंच कारण असू शकतं आणि ते वेगळं काढायला दोन मिनिटं लागतात.

साईझ केलेली रिकामी केस, प्रायमर आणि बुलेटशिवाय, चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करा. आधी बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढता आले तर उत्तम, बोटांना खरं काय ते कळतं. हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. बंद करतानाच अडत असेल तर मामला मापाचा आहे: शोल्डर (नेकखालचा केसचा उतार) पुरेसा मागे गेलेला नाही किंवा केस लांब आहे. बंद सहज होतो पण गोळी सुटल्यावर उघडताना जड, तर दाब. आणि हँडल पूर्ण वर येताना शेवटी टक् करून अडत असेल तर केसचा बुडाजवळचा भाग फुगून राहिला आहे आणि डाय तिथपर्यंत पोचत नाही.

साईझिंगचं माप: आपण आपल्याकडच्या वर्कशॉपमधला थाउ वापरू, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हेडस्पेस कम्पॅरेटर (बुडापासून शोल्डरपर्यंत मोजायचा जोड) कॅलिपरला लावून स्वतःच्या रायफलीत मारलेल्या केसचं माप घ्या. प्रायमर आधी काढा, कारण तो किंचित बाहेर आलेला असतो आणि माप खोटं लांब दाखवतो. मग डाय अशी बसवा की शोल्डर २ थाउ मागे जाईल. डाय शेल होल्डरला (भरायच्या प्रेसवर केस धरणाऱ्या भागाला) टेकवून वर पाव फेरा द्या, ही जी सूचना डायच्या डब्यात असते, तिने शोल्डर ८-१० थाउ मागे जाऊ शकतो. अशी केस प्रत्येक गोळीला लांब ताणली जाते आणि तेवढं पितळ बुडाच्या वरच्या भागातून ओढून घेते. चार-पाच वेळा भरल्यावर तिथे बाहेरून चकचकीत पट्टा दिसू लागतो आणि एके दिवशी केस दोन तुकडे होते. कागदाला लावायची पिन सरळ करून टोक काटकोनात वाकवा आणि केसच्या आतून भिंतीवर खालून वर फिरवा. टोक कुठे खाचेत अडकलं तर ती केस फेकून द्या, आणि त्या लॉटच्या बाकीच्या सगळ्या तपासा.

लापुआच्या छोट्या प्रायमरच्या केसचं एक वेगळेपण: तिचं फ्लॅश होल (प्रायमरची ज्योत आत जाते ते भोक) १.५ मिलिमीटरचं असतं. डायमधली नेहमीची जाड डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) त्यात अडकते, वाकते किंवा भोक रुंद करून टाकते. बारीक पिन लावली आहे ना ते बघा. भोक रुंद झालं की प्रायमरची ज्योत बदलते आणि मग एसडीचं कोडं सुटत नाही.

ल्यूब (साईझ करताना केसला लावायचं वंगण) फार थोडा. जास्त झाला की शोल्डरवर खळगे पडतात, कमी झाला की केस डायमध्ये अडकते. काम झाल्यावर तो पूर्ण पुसायचा. ल्यूब लागलेलं काडतूस म्हणजे पुन्हा तेलकट चेंबरच.

नेकचं टेन्शन (बुलेटवरची नेकची पकड) २ थाउ पुरतं. एक्स्पांडर बॉल (नेक आतून रुंद करणारी डायमधली गुंडी) बाहेर ओढताना नेक वाकडा होतो, म्हणून तो काढून टाकून नंतर ०.२६२ च्या मँड्रेलने (सरळ दांड्याने) नेक आतून उघडलेला बरा. बुलेट ०.२६४ ची आहे आणि पितळ किंचित परत मिटतं. नेकच्या आतला काळा थर मी तरी पूर्ण काढू नये म्हणेन. अगदी लख्ख पितळाला बुलेट चिकटते. नायलॉनचा ब्रश एकदा फिरवला की झालं.

प्रायमर बुडाच्या पातळीपासून २ ते ५ थाउ आत. बोट फिरवून प्रत्येक काडतूस तपासा. वर राहिलेला प्रायमर बोल्ट बंद करतानाच फुटू शकतो. आणि एकही प्रायमर हाताला काहीच जोर न लागता आत गेला तर त्या केसची खोबण सैल झाली, तिचं आयुष्य संपलं. ज्या केसवर इजेक्टरचा ठसा आला ती याच कसोटीवर आधी लावा.

डॅलसकर

दोघांचेही आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासलं.

चेक वेट्स आणली. २.५ ग्रॅमला तराजू ३८.० दाखवतो, म्हणजे ०.६ ग्रेन कमी. तराजू एसीच्या व्हेंटच्या बरोबर खाली होता. तिथून हलवून, अर्धा तास ठेवून, पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर ३८.६ आलं. म्हणजे माझे सगळे चार्ज ०.६ ने जास्त होते, आणि ०.४ कमी समजत होतो तो कमालच्या ०.२ वर होता.

शोल्डर ७ थाउ मागे जात होता, डाय फिरवून २ वर आणली. केसची लांबी १.९१४, ठीक आहे. पट्टा किंवा खाच कुठल्याच केसमध्ये नाही. ठसा आलेल्या केसमध्ये प्रायमर फारसा जोर न लागता बसला, ती टाकून दिली.

आता दोन प्रश्न उरले. ०.६ ग्रेनने ६० फूट/से वाढतील का? आणि नोडचं काय?

वारा_बघून

क्रीडमूरच्या आकाराच्या केसमध्ये ०.१ ग्रेनला ढोबळमानाने ५ फूट/से धरा. ०.६ ला ३० झाले. उरलेला फरक केसची कमी क्षमता, तुमचं बॅरल आणि तापमान यांचा. एच४३५० तापमानाला कमी दाद देते, पण शून्य नाही. शिवाय ९८ डिग्रीत दहा गोळ्या मारलेल्या चेंबरमध्ये काडतूस दोन मिनिटं पडून राहिलं तर ते हवेच्या तापमानावर नसतंच. काडतूस घातलं की मारायचं, नाहीतर बाहेर काढायचं. पेटी बंद गाडीत किंवा उन्हात ठेवायची नाही. म्हणून केसची क्षमता मोजाच, ते अजून राहिलंय.

आता नोड. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण यापायी लोक बॅरलचं निम्मं आयुष्य घालवतात.

प्रत्येक पायरीला एक गोळी मारून वेगाचा आलेख काढला आणि त्यात सपाट भाग दिसला, तर तो सपाट भाग बहुतेक योगायोग असतो. तुमचीच एसडी १८ धरा. ०.३ ग्रेनच्या पायरीने सरासरी वेग १५ ने वाढणार आणि एकेक गोळी त्या सरासरीपासून १८ ने इकडेतिकडे होणार. म्हणजे पायरीपेक्षा हेलकावा मोठा. अशा दहा आकड्यांत कुठे ना कुठे तीन शेजारी सारखे दिसणारच. तीच शिडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, सपाट भाग दुसरीकडे सरकलेला असेल. सरकला नाही तरच त्याला अर्थ आहे.

बरं, ती १८ तरी खरी का? पाच गोळ्यांवरून काढलेल्या एसडीचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा ०.६० पट ते २.८७ पट असतो. तुमची खरी एसडी ११ पासून ५२ पर्यंत कुठेही असू शकते. दहा गोळ्यांवर हा पट्टा ०.६९ ते १.८३ पट, वीसवर ०.७६ ते १.४६. म्हणून पाच गोळ्यांत एसडी ४ आली म्हणून नाचू नये आणि १८ आली म्हणून चार्ज टाकून देऊ नये. वीस गोळ्या हे काम करायला किमान.

ग्रुपचंही तेच. तीन गोळ्यांचा ग्रुप त्याच रायफलीच्या दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी ६३ टक्केच असतो. काही न बदलता फक्त गोळ्या कमी केल्या की ग्रुप सुधारतो, असा हा प्रकार आहे.

मग करायचं काय? चार्ज दाबावरून ठरवायचा. तराजू दुरुस्त झालाय, तर कमी असलेला कमाल आकडा घ्या, त्याच्या १० टक्के खालून पुन्हा चढा, ०.५ ग्रेनची पायरी चालेल, कमालच्या जवळ ०.२. प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफ, केसचं बूड, बोल्टचा हात, हे तिन्ही तपासा. छापील कमाल वेग जिथे गाठला तिथे थांबा, ग्रेनचा आकडा काहीही म्हणो. मग तिथून एखादा ग्रेन खाली या आणि तोच चार्ज पक्का करा. या खालच्या चार्जमुळे ४०-५० फूट/से जातील. १००० यार्डांवर ते स्कोपच्या काही क्लिक्समध्ये भरून निघतात, आणि उन्हाळ्यात, नव्या केसवर किंवा थोड्या काजळीवर तुम्ही सीमेच्या आतच राहता.

त्यानंतर फक्त सीटिंग डेप्थ (बुलेट केसमध्ये किती आत बसवायची). बुलेटचं टोक एकसारखं नसतं, म्हणून एकूण लांबी सोडा आणि कम्पॅरेटरने बुडापासून ओजाइव्हपर्यंत (बुलेटच्या निमुळत्या वळणापर्यंत) मोजा. लँड्सपासून २०, ५० आणि ८० थाउ मागे, प्रत्येकी दहा गोळ्या. रायफलीच्या मॅगझिनमध्ये मावतंय ना तेही बघा. तिन्हींत डोळ्याला दिसेल असा फरक नसेल तर मधलं घ्या. थ्रोट झिजत जातो तशी उडी (बुलेटपासून लँड्सपर्यंतचं अंतर) आपोआप वाढते, त्यामुळे एक-दोन थाउच्या फरकावर नाचणारा लोड पुढच्या महिन्यात तसाही बिघडणार.

एसडीचं महत्त्व किती, तेही मोजून बघा. या बुलेटला २७०० फूट/सेच्या आसपास वेग असेल तर १००० यार्डांवर १० फूट/सेचा फरक म्हणजे सुमारे अडीच इंच वरखाली. रायफल दहा गोळ्यांत ०.७५ एमओएचा (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) ग्रुप देत असेल तर तिची स्वतःची उभी एसडी तिथे साधारण २ इंच. दोन्ही वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने मिळतात, सरळ बेरजेने नाही. वेगाची एसडी १८ असेल तर एकूण जवळजवळ ५ इंच, १० असेल तर सव्वातीन, ६ असेल तर अडीच. १८ वरून १० वर येण्यात फायदा मोठा आहे. १० वरून ६ वर यायला घड्याळजींसारखं काम करावं लागतं आणि हाती पाऊण इंच येतो. त्याच अंतरावर ताशी १ मैल आडव्या वाऱ्याचा अंदाज चुकला तर गोळी सुमारे ७ इंच सरकते. एसडी दहाच्या आसपास स्थिर झाली की प्रेस बंद करून रेंजवर जा आणि वारा वाचा.

१० पर्यंत यायला तुमच्या बाबतीत दोन गोष्टी पुरतील असं वाटतं: ०.१ ग्रेनच्या आत स्थिर राहणारा तराजू आणि सगळ्या केसेस एकाच लॉटच्या, सारख्या वेळा मारलेल्या. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे एका पौंडी डब्यात साधारण १७० काडतुसं. पुढच्या वेळी ८ पौंडी डबा घ्या, एकाच लॉटवर तेराशेच्या वर भरतील. लॉट बदलला की एक-दोन ग्रेन खाली उतरून पुन्हा वर चढायचं. प्रायमर बदलला तरी तेच.

कोल्हापुरी_नेमबाज

कोल्हापूरहून लिहितोय. इथल्या वाचकांनी हा धागा वाचून काही सुरू करू नये म्हणून सांगतो: भारतात आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. रायफलीचा परवाना आहे म्हणून काडतूस भरता येत नाही. तिकडून सुट्टीवर येणाऱ्यांनी रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नये. तळाच्या कप्प्यात राहिलेलं एखादं जिवंत काडतूस विमानतळावर याच कायद्याखाली गुन्हा ठरतं.

आमच्या .२२ मध्ये रीलोडिंग नाहीच, प्रायमरचं मिश्रण केसच्या कडेत असतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं तो प्रकार .२२ चाच. तिथे बॅरलला जुळणारा लॉट शोधणं हेच आमचं लोड डेव्हलपमेंट: रायफल व्हाइसमध्ये बांधायची, प्रत्येक लॉटच्या भरपूर गोळ्या मारायच्या, आणि जुळलेल्या लॉटचा हंगामभराचा साठा एकदम घ्यायचा. थोड्या गोळ्यांवर फसण्याचं जे वर लिहिलंय ते शब्द न् शब्द इकडेही लागू आहे. पाच गोळ्यांवर निवडलेला लॉट स्पर्धेच्या दिवशी तसाच वागत नाही.

पितळी

कायद्याचा विषय निघाला आहे तर अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक सांगतो, फार जणांना माहीत नसतं. एच-१बी किंवा दुसऱ्या नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, त्यात राज्याचा चालू शिकार परवाना हा नेहमीचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. डॅलसकर यांनी ते पहिल्याच ओळीत लिहिलं, पण त्यांच्याकडे शनिवारी येऊन काडतुसं भरू लागणाऱ्या मित्राचा व्हिसा कोणता, हेही बघायला हवं. स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायला लागतो, आणि भरून मित्राला विकलं तरी ते विकणंच.

साठवण: पावडर मूळ डब्यात, झाकण लावून, गारव्याला. एनएफपीए ४९५ (अमेरिकेतलं अग्निसुरक्षेचं मानक) प्रमाणे घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत, त्यावर ५० पर्यंत असेल तर किमान एक इंच जाड लाकडी पेटीत. प्रायमर १०,००० पर्यंत, मूळ खोक्यातच. बरणीत ओतलेले प्रायमर हा सुटा स्फोटक ढीग असतो. लोखंडी हवाबंद पेटीत पावडर ठेवू नका. मोकळी पावडर पेटली तर भसकन जळते, कोंडली तर फुटते.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. हे आग्रहाने सांगतोय कारण ४३५० हा आकडा तीन वेगळ्या डब्यांवर आहे: हॉजडन एच४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५०. तिन्ही वेगळ्या, तिन्हींचा डेटा वेगळा. काम संपलं की मेजरमधली (पावडर मापायच्या यंत्रातली) उरलेली पावडर लगेच तिच्याच डब्यात. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी ती कोणती हे दिसण्यावरून ओळखता येणार नाही. ओळख पटत नसलेली पावडर बागेत पातळ पसरून टाका, वापरू नका.

आणि शिसं. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, कोरड्या टंबलरच्या (केसेस घासून साफ करणाऱ्या यंत्राच्या) भुशात ते साठतं आणि धूळ होऊन उडतं. टंबलर गॅरेजमध्ये, किंवा सरळ पाण्यातलं वापरा. काम झाल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, त्याआधी चहासुद्धा नाही. घरात लहान मूल रांगत असेल तर रीलोडिंगचे कपडे वेगळे धुवा.

डॅलसकर

केसची क्षमता मोजली. मॅन्युअलमध्ये ज्या ब्रँडची केस आहे त्याच्या पाच वापरलेल्या केसेस रेंजवरून उचलून त्याही मोजल्या. माझ्या लापुआमध्ये सरासरी सव्वा ग्रेन पाणी कमी मावतं. कमी असलेला कमाल आकडा धरून, १० टक्के खालून पुन्हा सुरू करतोय.

एक शंका. त्या चुकीच्या तराजूवर भरलेली ४० काडतुसं पडून आहेत. बहुतेक पाचव्या पायरीची, म्हणजे ०.६ जास्त धरूनही कमाल आकड्याच्या खाली. मारून संपवावीत की खोलावीत?

लेथकट्टा

खोला. ०.६ ही चूक तुम्ही मोजली त्या दिवसाची आहे. व्हेंटखाली बसलेला तराजू एसी चालू असताना एक आणि बंद असताना दुसरंच दाखवतो. त्या ४० पैकी कुठल्यात किती आहे हे आता सांगता येत नाही, आणि शिवाय केसही लहान निघाली.

प्रेसवर बसणारा कोलेट पुलर (बुलेट पकडून ओढणारा) घ्या, हातोडीसारखा आपटायचा नको. चाळीस वेळा आपटण्यात पावडर सांडते आणि बुलेटचं टोक चेपतं. बुलेट ओढण्याआधी सीटिंग डायने ती दोन-तीन थाउ आत ढकला, चिकटलेला नेक टक् करून सुटतो आणि मग ओढताना जोर लागत नाही. प्रत्येक काडतुसातली पावडर वेगळी तोला, दुरुस्त तराजूवर. चाळीस आकडे लिहून काढा. त्यांची एसडी काढली की १८ पैकी किती भाग तराजूचा होता ते तुम्हाला कळेल. पावडर एच४३५० च आहे याबद्दल खात्री असेल तर ती त्याच लॉटच्या डब्यात परत जाऊ शकते.

बुलेटवर कोलेटचा ठसा आला तर त्या वेगळ्या ठेवा, बॅरल साफ केल्यावरच्या पहिल्या गोळ्यांना उपयोगी येतील. केसमधले जिवंत प्रायमर काढू नका. डायमधली डीकॅपिंग पिन काढून, केस हलक्या हाताने साईझ करा, किंवा मँड्रेल फिरवून नेक तेवढा सारखा करा, आणि त्याच प्रायमरवर नवा सुरुवातीचा चार्ज भरा. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

एखादं काडतूस सुटलंच नाही तर नळी निशाणाकडे ठेवून पूर्ण ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट. आणि आवाज नुसता फट् असा आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी घालू नका. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते आधी बघा. पावडर न पडलेल्या केसमध्ये एकट्या प्रायमरचा जोर बुलेटला नळीत दोन-तीन इंच सरकवून तिथेच सोडतो. भरताना हे टाळायला ब्लॉकमधल्या (केसेस उभ्या ठेवायच्या ठोकळ्यातल्या) सगळ्या केसेसमध्ये टॉर्च मारून पावडरची पातळी एका नजरेत बघायची आणि मगच पहिली बुलेट बसवायची.